हाकिमाचा कापूस

उझबेकिस्तानात जिल्ह्याच्या किंवा प्रांताच्या प्रमुखाला ‘होकिम’ म्हणतात. म्हणजे आपला हाकीमच. मोहल्ल्याला तिथे ‘महल्ला’ म्हणतात आणि रोजंदारीवरच्या माणसाला ‘मर्दिकोर’. फारसीच्या वाटेने आलेले हे शब्द मराठी कानाला परके वाटत नाहीत. या प्रकरणातली माणसंही परकी वाटणार नाहीत: हाकीम, शाळेचे मास्तर, मोहल्ल्याचा पुढारी, कर्जात बुडालेला शेतकरी आणि दहा-बारा वर्षांची शाळकरी पोरं.

घडत होतं ते असं. उझबेकिस्तान १९९१ मध्ये स्वतंत्र झाला. त्यानंतर साधारण २०१२ पर्यंत दरवर्षी सप्टेंबरमध्ये शाळा सुरू व्हायच्या आणि थोड्याच दिवसांत कापसाच्या पट्ट्यातल्या शाळा ओस पडायच्या. फरगणा खोरं (बाबराचं गाव अंदिजान तिथलंच), जिझाख, सिरदरिया, कश्कदरिया, खोरेज्म, काराकल्पाकस्तान, सगळीकडे तेच चित्र. वर्गच्या वर्ग मास्तरांसह कापूस वेचायला जात. नोव्हेंबरात उलंगवाडी झाली की परत येत. शिक्षणातले दोन-अडीच महिने गेलेले असत. एखाद्या गावाची ही रीत नव्हती, सरकारचंच तसं वेळापत्रक होतं.

आमच्या विदर्भात पोरं कापूस वेचत नाहीत का? वेचतात. दिवाळीच्या सुट्टीत पऱ्हाटीत कमरेला ओटी बांधून उभी असलेली मुलं मी पाहिली आहेत आणि तुम्हीही पाहिली असतील. पण त्यांना शेतात आणणारं घरचं दारिद्र्य असतं, निर्णय आईबापांचा असतो आणि त्यावर उपाय शोधणंही त्यामुळेच अवघड जातं. उझबेकिस्तानात मुलाला शेतात नेणारे आईबाप नव्हते. सरकार नेत होतं. बालमजुरीवर आपण एरवी जे काही बोलतो त्यातलं निम्मं या एका फरकाने गैरलागू ठरतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

पांढरं सोनं

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडे वऱ्हाडापासून मुंबईपर्यंत कापसाला सोन्याचा भाव आला. रशियातल्या कापड गिरण्यांनाही तीच टंचाई जाणवत होती. झारच्या फौजांनी १८६५ मध्ये ताश्कंद घेतलं. त्यामागे इतरही कारणं होती, पण त्यानंतर मध्य आशियात कापूस वाढत गेला तो गिरण्यांच्या भुकेवर.

सोव्हिएत राजवटीने तर सगळा मुलूखच कापसाला जुंपला. अमुदर्या आणि सिरदर्या या नद्यांचं पाणी कालव्यांनी वळवलं. १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला तो यामुळेच. राष्ट्रीय चिन्हावर कापसाचं बोंड, चहाच्या निळ्या पेल्यांवर कापसाचं बोंड, ताश्कंदच्या फुटबॉल संघाचं नाव ‘पख्तकोर’, म्हणजे कापूस पिकवणारा. आजीने शाळेत असताना कापूस वेचला, आईने वेचला, म्हणून पोरानेही वेचायचा. वेचणीआधी पानं गळावीत म्हणून त्या काळी ‘बुटिफॉस’ नावाचं विषारी रसायन फवारत. त्याच्यावर बंदी यायला १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

शराफ रशिदोव १९५९ पासून १९८३ पर्यंत तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत मॉस्कोला वर्षाला ६० लाख टन कापसाचं वचन दिलं गेलं. एवढा कापूस पिकणं शक्य नव्हतं, मग तो कागदावर पिकवला गेला. न पिकलेल्या कापसाचे पैसे मॉस्कोने मोजले. भानगड उघड झाली तेव्हा प्रकरण थेट ब्रेझनेव्ह यांच्या जावयापर्यंत पोहोचलं आणि १९८८ मध्ये त्यांना शिक्षा झाली. हा घोटाळा इथे सांगण्याचं कारण एवढंच की आकडा वरून ठरायचा आणि खालच्याने तो काहीही करून भरून दाखवायचा, ही सवय स्वातंत्र्याच्या आधीपासूनची होती.

स्वातंत्र्यानंतर एक गोष्ट मात्र मागे गेली आणि ती फारशी कुणी लक्षात घेत नाही. सोव्हिएत काळात कापूस वेचणारी यंत्रं होती. ताश्कंदच्या ‘ताशसेलमाश’ कारखान्यात ती बनत आणि पिकाचा बराच वाटा यंत्राने निघे. १९९१ नंतर डिझेल महागलं, सुटे भाग मिळेनात, यंत्रं गंजत पडली आणि त्यांच्या जागी माणसांचे हात आले. देश मागास होता म्हणून मुलं शेतात होती असं म्हणावं तर हिशेब जुळत नाही. यंत्र परवडेना, आणि मूल जवळजवळ फुकट मिळत होतं.

साखळी

जमीन सरकारची. शेतकरी, त्यांच्या भाषेत ‘फर्मेर’, भाडेपट्ट्याने कसणारा. किती जमिनीत कापूस लावायचा हे सरकार ठरवणार, किती द्यायचा हेही सरकारच ठरवणार आणि भावही सरकारचाच. आकडा चुकला तर पट्टा रद्द होऊ शकत होता. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, तिच्या अनुभवातून इथल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. पण आपल्याकडे काय पेरायचं हे शेतकरी ठरवत होता, आणि सरकारने निदान बाजारापेक्षा बरा भाव देऊ असं म्हटलं होतं. बाहेर भाव चढा असला की आपला कापूस रात्रीतून राज्याची सीमा ओलांडायचा. उझबेक कापूस तसाच किरगिझस्तान आणि कझाकस्तानात जायचा.

सरकारी भाव इतका कमी होता की शेतकऱ्याला वेचणीची मजुरी द्यायलाच परवडत नसे. धडधाकट माणसं रशियात आणि कझाकस्तानात बांधकामावर गेलेली. हात कुठून आणायचे, हा प्रश्न शेतकऱ्याचा राहिलाच नव्हता. तो हाकिमाचा झाला होता.

प्रांताला आकडा मिळे, प्रांत तो जिल्ह्यांना वाटून देई. जिल्ह्यात कापसाचं एक मुख्यालय उघडे, नावच ‘श्ताब’, लष्करी ठाण्यासारखं. रोज संध्याकाळी तिथे हजेरी: हाकीम, पोलीस, सरकारी वकील, शिक्षण खात्याचा अधिकारी, रुग्णालयाचा प्रमुख. आज कुणाचे किती किलो झाले ते सांगा. कमी भरले तर सगळ्यांसमोर पाणउतारा, आणि हाकिमाची खुर्चीही जाऊ शकत होती. म्हणून हाकीम मुख्याध्यापकाला धरी, मुख्याध्यापक वर्गशिक्षकाला आणि वर्गशिक्षक मुलांना. मोहल्ल्याच्या समितीकडे गरीब कुटुंबांचे बालभत्ते वाटण्याचं काम होतं. शेतात माणूस पाठवला नाही तर भत्ता अडेल, अशी धमकी त्यामुळे तिला सहज देता यायची.

पाणउताऱ्याची ही पद्धत किती मुरलेली होती हे पुढे २०१८ मध्ये जगाने पाहिलं. शेताला पाणी दिलं नाही म्हणून उपपंतप्रधान झोयिर मिर्झाएव यांनी माणसांना पाटाच्या पाण्यात उभं केलं. फोटो पसरला आणि त्यांचं पद गेलं. तोवर मुलांची सक्तीची वेचणी थांबलेली होती, पण आकडा न भरणाऱ्याशी कसं वागायचं ही रीत तीच.

मुलांच्या वाट्याला

गावातली शाळकरी मुलं सकाळी शेतात जात आणि संध्याकाळी घरी येत. नववीनंतर तीन वर्षं कॉलेजात किंवा लायसियममध्ये काढावी लागत. त्या पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना मात्र घरापासून लांब नेत. ती आठवडेच्या आठवडे बराकीत, एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत किंवा पडक्या इमारतीत राहत. पिण्याचं पाणी पुष्कळदा कालव्याचं. नोव्हेंबरातली थंडी आपल्याला कल्पनेनेही कळायची नाही.

वेचणीचा रोजचा कोटा वयानुसार असे. लहानग्यांना तो वीस-तीस किलो, मोठ्यांना त्याहून बराच जास्त. कापूस वेचलेल्याला हा आकडा ऐकून काय वाटेल ते मी सांगायला नको. सुरुवातीला बोंडं भरभरून फुटलेली असतात तेव्हा मोठ्या बाईला पन्नास किलो जमून जातात. शेवटच्या आठवड्यांत पऱ्हाटीवर अर्धवट उललेली बोंडं आणि डागाळलेला, कवडी झालेला कापूसच उरतो, बोटं बोंडाच्या टोकांनी चिरतात आणि पोतं भरता भरत नाही. कोटा मात्र तोच. किलोमागे मिळे अमेरिकन चलनातले काही सेंट, आणि त्यातूनही खाण्याचे पैसे कापत. कोटा कमी पडला तर मारहाण, सगळ्यांसमोर अपमान, कॉलेजातून काढण्याची धमकी. पैसेवाल्या घरचे लोक मुलाच्या जागी मर्दिकोर पाठवत. एकंदरीत ही सक्ती श्रीमंताच्या मुलासाठी कर होती आणि गरिबाच्या मुलासाठी काम.

याला सरकार म्हणायचं ‘हाशर’. हाशर म्हणजे आपल्या इरजिकीसारखी जुनी रीत. शेजाऱ्याचं घर बांधायला किंवा कालवा साफ करायला सगळा गाव मोफत राबतो. इरजिकीत मात्र आज मी तुझ्या शेतात आलो तर उद्या तू माझ्या शेतात येतोस. कापसाच्या हाशरमध्ये उद्या कुणीही कुणाच्या शेतात जायचं नव्हतं. कापूस सरकारी जिनिंगमध्ये जाई, परदेशात विकला जाई आणि परकीय चलन अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या एका निधीत जमा होई. त्याचा हिशेब जनतेसमोर येत नसे. चांगल्या शब्दांची अशी माती करण्यात राजवटी पटाईत असतात. आपल्याकडे ‘श्रमदान’ या शब्दाचंही कुठेकुठे तेच झालं आहे.

नाकारणं आणि कायदे

इस्लाम करीमोव्ह राष्ट्राध्यक्ष असताना सरकारची भूमिका ठरलेली होती: मुलं कुटुंबाला मदत करतात, ही परंपरा आहे. २००७ मध्ये बीबीसीने शेतातल्या मुलांचं चित्रण दाखवलं आणि ब्रिटनमधली मोठी दुकानं हादरली. आपल्या कपाटातल्या शर्टाचा कापूस कोणी वेचला असेल, असा प्रश्न गिऱ्हाईक विचारू लागलं. टेस्को, वॉलमार्ट यांसारख्या साखळ्यांनी पुरवठादारांना उझबेक कापूस वापरू नका असं सांगितलं.

सरकारने लगेच २००८ आणि २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे बालमजुरीवरचे दोन्ही करार मान्य केले. २००८च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांनी मुलांना वेचणीला पाठवण्यावर बंदी घालणारा आदेशही काढला. काही दिवसांतच मुलं शेतात होती. कायदा मोडला गेला असं यावर म्हणवत नाही. कायदा जगाला दाखवण्यासाठी होता आणि कापसाचा आकडा हाकिमासाठी. दोन्ही एकाच कार्यालयातून निघत होते आणि कुठला पाळायचा याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती.

ते पंतप्रधान होते शावकत मिर्झियोयेव्ह. २००३ पासून तेच पंतप्रधान, आणि कापसाचा हंगामही त्यांच्याच देखरेखीखाली. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

जे आतून बोलत होते त्यांनी किंमत मोजली. येलेना उर्लायेव्हा शेतात जाऊन फोटो काढत. त्यांना वारंवार अटक झाली, मनोरुग्णालयात डांबलं गेलं. २०१५ मध्ये पोलिसांनी घेतलेली त्यांची अंगझडती इतकी अमानुष होती की तिची बातमी जगभर झाली. त्याच वर्षी दमित्री तिखोनोव्ह यांचं अंग्रेन शहरातलं घर जळालं आणि त्यांना देश सोडावा लागला. बर्लिनमधून उमिदा नियाझोव्हा यांची संस्था अशा लोकांनी गोळा केलेली माहिती दर हंगामात बाहेर आणत राहिली.

बहिष्काराने काय केलं

व्यापारी बहिष्काराबद्दल माझं मत एरवी साशंक असतं, आणि त्याला कारण आहे. अमेरिकी संसदेत १९९३ मध्ये बालमजुरीच्या मालावर बंदी घालणारं विधेयक पुढे आलं. बांगलादेशातल्या कपडा कारखान्यांनी घाबरून हजारो मुलांना काढून टाकलं. ती मुलं शाळेत गेली नाहीत. पुष्कळजण खडी फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांना लागली, कारण त्यांची मजुरी घर चालवत होती.

उझबेकिस्तानात हा धोका जवळजवळ नव्हता, कारण मुलाच्या त्या मजुरीवर घर चालतच नव्हतं. त्याला शेतातून काढलं तर तो जाऊन जाऊन कुठे जाणार? वर्गात. बहिष्काराचा फटका बसणार तो सरकारी निधीला. बालमजुरीचं कारण वेगळं असलं की औषधही वेगळं लागतं, हे इतक्या स्वच्छपणे दिसणारी प्रकरणं थोडी.

बहिष्कार पाळण्याची शपथ घेणाऱ्या कंपन्या पुढे तीनशेच्या वर गेल्या. तरी कापूस विकला जात राहिला. बांगलादेश आणि चीनच्या सूतगिरण्यांत गाठी एकत्र झाल्या की कुठला धागा कुठला हे ओळखायचं कसं? म्हणून एकट्या बहिष्काराने काम झालं असं म्हणणं मला पटत नाही. युरोपीय संसदेने २०११च्या डिसेंबरमध्ये कापड व्यापाराच्या कराराला संमती नाकारली. अमेरिकेने २०१३ मध्ये मानवी तस्करीच्या यादीत देशाला सगळ्यात खालच्या पायरीवर टाकलं. सिंचनाच्या कर्जांमुळे जागतिक बँकेकडे तक्रार गेली आणि सक्तीची मजुरी आढळली तर कर्ज थांबवू शकू, अशी अट बँकेला घालावी लागली. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे निरीक्षक शेतात फिरू लागले. लपवण्याचा खर्च दर वर्षी वाढत गेला.

मुलं गेली, नर्स आल्या

२०१२ मध्ये लहान मुलं बहुतांश शेतांतून दिसेनाशी झाली. वरून आदेश आला आणि एका हंगामात वीस वर्षांची ‘परंपरा’ थांबली. पुढच्या दोन वर्षांत कॉलेजची मुलंही कमी होत गेली.

इथे समाधान मानून थांबावंसं वाटतं. पण कापसाचा आकडा कमी झाला नव्हता. सुमारे ३५ लाख टन सरकीसह कापूस तेव्हाही वेचायचाच होता. मुलांचे हात गेले म्हणून शिक्षक, नर्स, डॉक्टर, कारखान्यातले कामगार आणि विद्यापीठाचे विद्यार्थी अधिक संख्येने, अधिक दिवसांसाठी नेले गेले. मुलं वर्गात होती, पण शिकवणारे मास्तर शेतात होते. दवाखाना उघडा, पण इंजेक्शन देणारी बाई पऱ्हाटीत. बालमजुरीचा रकाना रिकामा झाला. त्या मुलाच्या वहीत किती धडे उतरले, हे मात्र कुठल्या रकान्यात येत नव्हतं.

करीमोव्ह २०१६ मध्ये वारले आणि मिर्झियोयेव्ह राष्ट्राध्यक्ष झाले. २०१७च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत सक्तीची मजुरी संपवण्याचा शब्द दिला आणि त्याच दिवसांत शिक्षक, वैद्यकीय कर्मचारी आणि विद्यार्थी यांना शेतांतून माघारी बोलावलं. वेचणीचा दर वाढवला. दर वाढताच गावातल्या बाया आपण होऊन वेचणीला येऊ लागल्या. इतकी वर्षं हात मिळत नाहीत असं सांगितलं जात होतं, तेव्हा हात गावातच होते, त्यांना देण्याचा दर बरा नव्हता.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पाहणीनुसार सक्तीने आलेल्या वेचकांचं प्रमाण २०१७ मध्ये १३ टक्के, म्हणजे ३,३६,००० माणसं होतं. २०१८ मध्ये ते ६.८ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये एक टक्क्यावर आलं. २०२०च्या मार्चमध्ये कापसाचा सरकारी आकडाच रद्द झाला. मला हा दिवस महत्त्वाचा वाटतो, २०१२चा आदेश तितका नाही. मधल्या आठ वर्षांत कोणाला न्यायचं हे बदलत गेलं. कोणालाच न्यायची गरज उरली नाही ती आकडा गेल्यावर. २०२२च्या मार्चमध्ये बहिष्कार उठला.

मिर्झियोयेव्ह यांचं कौतुक जगाने केलं आणि ते काही अंशी रास्त आहे. पण जे एका आदेशाने थांबवता येतं ते आधीही एका आदेशाने थांबवता आलं असतं, आणि आदेश देणारी खुर्ची २००३ पासून त्यांच्या अगदी जवळ होती. कापूस आता खासगी ‘क्लस्टर’ कंपन्या घेतात, म्हणजे एका भागातला कापूस पिकवण्यापासून सुतापर्यंत सगळं हाताळणाऱ्या कंपन्या. अनेक शेतकऱ्यांना कुणाशी करार करायचा याची निवड उरत नाही, आणि कुठल्या हंगामात कुठला हाकीम माणसं पाठवायला सांगतो अशा तक्रारी अजून येतात. त्या वर्षांत कापूस वेचणारी पोरं आज मोठी माणसं झाली आहेत. चुकलेल्या धड्यांबद्दल त्यांना कुणी काही देऊ केल्याचं माझ्या वाचनात नाही.

अमुदर्याच्या पलीकडे तुर्कमेनिस्तान आहे. तिथे आकडा अजून वरूनच येतो. अमेरिकेने २०१८ मध्ये तिथल्या कापसावर बंदी घातली. तिथे सक्ती मुख्यतः सरकारी नोकरांवर होत आली आहे, शाळांमधल्या शिक्षिकांवरही. ज्यांना शेतात जाता येत नाही त्यांनी बदली माणूस द्यायचा असतो. बदली माणूस पैसे देऊन मिळतो, आणि पैसे नसले की घरातलंच मूल पाठवलं जातं.